काजळचं माहेर

पिल्लू न्यायला येणारी माणसं हल्ली माझ्यावर चिडूनच परत जातात. गाडी लावतात, गॉगल कपाळावर चढवतात आणि म्हणतात, "दाखवा, त्यातलं मोठ्या डोक्याचं द्या." मी म्हणते, आधी बसा. घरी कोण कोण असतं, दिवसभर कुत्र्याजवळ कोण थांबणार, गच्चीत साखळीला बांधून ठेवणार का, मादी नेलीत तर तिची पिल्लं काढून विकायचा विचार आहे का, असं सगळं विचारत बसते. मग कुणीतरी म्हणतंच, "अहो मावशी, कुत्रं न्यायला आलोय, मुलगी मागायला नाही." अशा माणसाला मी चहा देते आणि रिकाम्या हातानं पाठवते. सून म्हणते, आई, असं वागलात तर एक दिवस कुणी फिरकणार नाही. फिरकेनात का! माझं काय अडलंय? पण मी अशी का झाले हे मी त्या माणसांना सांगत नाही, कारण सांगायचं तर ताईपासून सांगावं लागेल, आणि ताईचं बोलणं दारात उभ्या उभ्या करण्यासारखं नाही. म्हणून इथं लिहिते.

आमच्या गावातली बाकीची माणसं मुंबईला गोदीत, गिरणीत, खानावळीत कामाला असायची. आमचे आबा मात्र एका बाईंच्या बंगल्यावर कुत्र्यांच्या देखभालीला होते. गावात कुणी विचारलं, "काय करतो रे तुजा बा?" तर मला सांगायची लाज वाटायची, मी म्हणायचे, बंगल्यावर आहेत. बाई एकट्या होत्या, डॉबरमन पाळायच्या, आणि त्यांच्याकडचं पिल्लू मिळायला लोक वर्ष वर्ष थांबायचे. आबा पंधरा-वीस वर्षं त्यांच्या हाताखाली राहिले. बाईंचं वय झालं, भाच्यानं त्यांना परदेशी नेलं, तेव्हा बाकीची कुत्री त्यांनी ओळखीत दिली आणि सगळ्यांत लाडकी, सहा महिन्यांची डायना आबांच्या हातात दिली. आबा गावी आले ते एक ट्रंक, एक वळकटी आणि एक काळी कुत्री घेऊन. आईनं दारातच कपाळावर हात मारला. "अख्ख्या जन्माची कमाई ही? लोक मुंबईहून टीवी आणतात."

पण डायना आली आणि घराचे आवाजच बदलले. आधी आमच्या घरात काय, तर घाटाकडे चढणाऱ्या ट्रकांची घरघर आणि आईचं जातं. आता पहाटे ओटीवर तिच्या नखांचा टकटक आवाज, आबांचं तिच्याशी हिंदीत बोलणं (बाईंकडची सवय, कुत्र्याशी हिंदी आणि माणसाशी मराठी), आणि चुलीवर तिच्यासाठी तांदळाच्या कण्या आणि सुकट रटरटायची. त्या वासानं अख्ख्या वाडीतली मांजरं आमच्या परड्यात येऊन बसत. एकदा आबांनी तिला अंडं फोडून घातलं तर आई कडाडली, "पोरींच्या ताटात कुळथाचं पिठलं आन् हिला अंडं! उद्या कोंबडी पण कापा!" पुढं हीच आई डायना जेवली नाही की स्वतः भाकरीला हात लावायची नाही. बायकांचं असंच असतं, आधी शिव्या घालतील, मग जीव लावतील. मीही तशीच आहे, हे मला माहीत आहे.

पिल्लं काढायची ठरली तेव्हा आबांनी बाईंची रीत सोडली नाही. डायना दोन वर्षांची होईपर्यंत थांबले. ती पहिल्यांदा माजावर आली तेव्हा तिला आतल्या खोलीत कोंडलं आणि गावठी कुत्र्यांना दगड मारत आम्ही दोघी बहिणी परड्यात बसलो. पोलादपूरच्या गुरांच्या डॉक्टरांकडून तिची तपासणी करून घेतली. मग आबा ओळखीच्या ड्रायव्हरच्या ट्रकमधून तिला पनवेलला घेऊन गेले, कारण तिथं बाईंकडच्याच कुत्र्यांच्या वंशातला, पण लांबच्या नात्याचा नर होता. जवळच्या नात्यात लावायचं नाही, यावर आबा फार बोलायचे. शेजारचे म्हणाले, "आता कुत्र्यांचं पण गोत्र बगतो हा!" पिल्लं झाली तेव्हा आबांनी त्यांच्या शेपट्या कापू दिल्या नाहीत. डॉबरमनची शेपटी तेव्हा सगळेच कापायचे, बाई मात्र कापायच्या नाहीत. मग काय, हायवेवरच्या ढाबेवाल्यापासून कंपनीच्या सायबापर्यंत जो तो येऊन शेपट्या बघायचा आणि म्हणायचा, "हा डाबरमॅन डुप्लिकेट हाय." आबा शांतपणे म्हणायचे, "डुप्लिकेट हाय ना? मग नका नेऊ."

आणि नेणाऱ्याला ते दोन गोष्टी बजावायचे. पिल्लू दोन महिन्यांचं झाल्याशिवाय मिळणार नाही, आणि उद्या तुम्हाला नकोसं झालं, परवडेना, आजारी पडलं, म्हातारं झालं, तर रस्त्यावर सोडायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं नाही, माझ्या दारात आणायचं. मी का म्हणून विचारणार नाय. लोक हसायचे, मान हलवायचे. पण आबा ते इतक्या गांभीर्यानं सांगायचे की मला लहानपणी वाटायचं, हा काहीतरी मंत्र आहे.

ताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. नाव सुमन. कमी बोलायची, हसताना तोंडावर पदर घ्यायची, आणि चिडली की बोलणंच बंद करायची. डायना व्याली त्या वर्षीच्या वैशाखात तिचं लग्न झालं होतं बिरवाडीला. भावोजी औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत शिफ्टला जायचे, स्वतःचं घर, घराच्या मागं कामगारांना भाड्यानं दिलेल्या खोल्या, डोक्याला भांग पाडून येणारा हसरा माणूस. आम्हाला वाटलं, पोरीनं नशीब काढलं. गणपतीला ताई माहेरी आली आणि महिनाभर राहिली, तेव्हाच डायना व्याली. आठ पिल्लांतलं सगळ्यांत बारकं पिल्लू दुधाला लागेना. ताईनं ते पदरात घेतलं, कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं, चुलीशेजारी ऊब दिली, आणि त्याचं नाव काजळ ठेवलं. दिवसभर मांडीवर घेऊन बसायची. आई ओरडायची, "सुमे, जरा उठ गो, लोकं म्हणतील पोरीला बाळंतपणाला आणलीय." ताई लाजायची. तिच्या तोंडावर तेव्हा जे सुख होतं ते मी नंतर कधी बघितलं नाही. काजळ विकायची नाही, घरात ठेवायची, असं आबांनी तेव्हाच ठरवून टाकलं.

मग दिवाळसण आला. पहिल्या दिवाळीला जावयानं रुसायचं ही आपली पद्धतच. पाटावर बसायचं, ताटाला हात लावायचा नाही. कुणी अंगठीसाठी रुसतं, कुणी घड्याळासाठी. सासऱ्यानं थोडी थट्टा करायची, मग कबूल व्हायचं, सगळ्यांनी हसायचं आणि जावयानं पहिला घास घ्यायचा. आईनं घड्याळ आणून फडताळात ठेवलेलंच होतं. भावोजी पाटावर बसले, समोर वालाचं बिरडं, मटणाचा रस्सा, वडे, भाताची मूद. ओटीवर त्यांचे मामा, आमचे चुलते, वाडीतली चार माणसं. आबा म्हणाले, "बोला जावईबापू, कशावर रुसलाव?"

भावोजी म्हणाले, "मला ती बारकी काळी मादी द्या."

सगळे हसले. आबाही हसले, पण अर्धवटच. म्हणाले, "ती सोडून काय पण मागा. घड्याळ आणलंय झकास."

"घड्याळ हाय माज्याकडं. मादी द्या, नायतर मी जेवत नाय."

भात निवायला लागला. माणसं आधी हसत होती ती हळूहळू हसायची थांबली. चुलते म्हणाले, "अरे दे ना, कुत्रंच तर हाय. सणासुदीचा जावई पाटावरून उठवतोस काय?" मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. जे आबा कंपनीच्या सायबाला "नका नेऊ" म्हणायचे, त्यांना जावयासमोर नाही म्हणता येईना. मुलीचा बाप! शेवटी त्यांनी मान हलवली. म्हणाले, "न्या. पण दोन वर्सांची होईस्तोवर तिला नर दाखवायचा नाय. आणि काय पण झालं, तर माज्या दारात आणून सोडायची." भावोजींनी "बरं बरं" म्हणत वडा मोडला. खरं सांगते, मला त्या वेळी आनंदच झाला. ताईची काजळ ताईकडेच चालली, मला वाटलं, तिथं तिला सोबत होईल.

पुढच्या गणपतीला ताईला पाठवलं नाही. म्हणाले, काम आहे. दिवाळीला पाठवलं नाही, शिमग्यालाही नाही. मग मी आणि आबाच बिरवाडीला गेलो. मागच्या खोल्यांच्या शेवटी पत्र्याच्या आडोशाला काजळ बांधलेली. ती वर्षाचीही नव्हती तेव्हाच भावोजींनी तिला कुठल्यातरी वॉचमनच्या कुत्र्यापाशी नेलं होतं, आणि त्यानंतर दर माजाला. पिल्लं महिन्याची झाली की शेपट्या छाटून कंपनीवाल्यांना द्यायची. तिची हाडं वर आली होती, आचळं लोंबत होती, पाठीवरचे केस गेले होते. आम्हाला बघून ती उठली, पण धावली नाही. आबा तिच्यासमोर खाली बसले आणि तिच्या कानामागं हात फिरवत राहिले. तेवढ्यात ताईची सासू बाहेर आली. ताईला दोन वर्षांत मूल झालं नव्हतं. म्हातारी ताईकडे बघून म्हणाली, "बगा इवाय, तुमची कुत्री वर्साला दोन खेपा देते. आन् तुमची पोर!"

आबांनी ऐकलं. ताईनंही ऐकलं. परत येताना मिनीडोर रिक्षात मी आबांना म्हटलं, काजळला परत मागा. आबा म्हणाले, "व्याह्याकडं दिलेली वस्तू परत मागतात काय गो? उद्या ते सगळं सुमीवर निघंल." मी म्हटलं, तिच्यावर निघतंच आहे.

आता या वयात मला आबांचा राग कमी येतो. मी स्वतः एका मुलीची आई आहे आणि तिच्या सासरी गेले की माझी जीभसुद्धा आपोआप आखूड होते. पण कमी येतो म्हणजे येत नाही असं नाही.

त्यानंतरच्या आश्विनात, भाताची कापणी चालू होती तेव्हा, भर दुपारी मिनीडोर आमच्या वाटेला लागली आणि तिच्यातून ताई उतरली. दोन्ही हातांवर काजळ, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. ताईची साडी रक्तानं आणि हिरवट पाण्यानं माखलेली. म्हणाली, "आबा, कालपासनं कळा देतेय. पिल्लू आडकलंय. ते म्हणतात आपोआप होईल. मी त्यांना न सांगता आणली." आबांनी विळा तिथंच टाकला. त्याच मिनीडोरनं काजळला पोलादपूरला नेलं. डॉक्टरांनी पोट उघडलं, आतली पिल्लं मेलेली होती, गर्भाची पिशवी सडायला आली होती. आबांना विचारून त्यांनी पिशवी काढून टाकली. म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर हीही गेली असती. संध्याकाळी आबा तिला घेऊन आले आणि ओटीवर गोधडीत निजवली. ताई तिच्याशेजारी बसली आणि पहिल्यांदा रडली. आईनं तिला जवळ घेतलं तेव्हा तिच्या दंडावरचे वळ आईला दिसले. आईनं ते आबांना दाखवले. ताईनं पदर ओढून घेतला.

दोन दिवसांनी भावोजी आले, मामाला आणि बिरवाडीच्या आणखी दोघांना घेऊन. आमचे चुलतेही आले. ओटीवर सतरंजी घातली, आईनं पाणी दिलं. ताई दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि मी तिच्या मागं.

भावोजी म्हणाले, "कुणाला इचारून पिशवी काढलीत? माजी मादी होती."

आबा म्हणाले, "मेली असती."

"मेली असती तर माजी मेली असती. आता तिचा मला काय उपेग? तिच्या बदल्यात दुसरी मादी द्या."

आबांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. मला वाटतं, इतक्या वर्षांत जावयाकडे त्यांनी असं पहिल्यांदा बघितलं असेल. म्हणाले, "नाय. ही पण देत नाय आन् दुसरी पण देत नाय. तुमच्या हाती माज्याकडचं पिल्लू परत जायचं नाय. ही इथंच ऱ्हाईल, मरंस्तोवर." आवाज चढला नव्हता. मनात म्हटलं, शाब्बास आबा!

मामा उठून उभा राहिला. म्हणाला, "इवाय, चार माणसांत जावयाचा अपमान केलाव. कुत्री तुमची, तर मग पोर पण तुमचीच ठेवून घ्या. आमी चाललो."

आणि आबा गप्प बसले.

मला अजून ती शांतता आठवते. काजळ गोधडीत धापा टाकत होती तेवढाच आवाज. ताई आबांकडे बघत होती. नुसतं बघत होती. मी मागून ओरडले, "ठेवा ना! राहील की ताई!" तर चुलते माझ्यावर वसकन आले. "तू आत जा! तुजं व्हायचं हाय अजून. टाकलेल्या पोरीच्या भयनीला कोण करतो?" आईनं तोंडात पदर कोंबला. आबांनी खाली मान घातली आणि सतरंजीचा दोरा ओढत बसले. ज्यांनी एवढ्यातच कुत्रीसाठी अख्ख्या बिरवाडीला नाही म्हटलं होतं त्या माणसाला चार शब्द सुचेनात. का सुचेनात, ते तेव्हाही मला कळत होतं. माझ्यामुळे. वाडीतल्या रिवाजामुळे. तिला मूल नव्हतं त्यामुळे. सगळं कळत होतं आणि तरी मला त्यांच्या पाठीत गुद्दे मारावेसे वाटत होते.

ताईनं बराच वेळ वाट बघितली. मग आत गेली, आपली हातपिशवी घेतली, काजळजवळ वाकून तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि भावोजींना म्हणाली, "चला." मामानं जाता जाता सांगितलं, आता या घराची पायरी चढलीस तर परत बिरवाडीला यायचं नाही. ताई म्हणाली, "नाय चढत."

त्या संध्याकाळी आईनं आबांसमोर ताट ठेवलं आणि म्हणाली, "जेवा. कुत्रीला ठेवून घेतलीत, बरं केलंत." बस, एवढंच. पुढं कितीतरी दिवस ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची.

माझं लग्न पुढच्या वैशाखात झालं, व्यवस्थित, मानपानासकट. नवरा मुंबईला नोकरीला, मी पोलादपुरात राहिले, आणि माहेरी ये-जा करत आबांच्या हाताखाली हे काम शिकले. काजळ आमच्या ओटीवर खूप वर्षं जगली. गुटगुटीत झाली, आळशी झाली, अंगावर केस आले. डायनाच्या पुढच्या वेतातली पिल्लं तिच्या पोटाला लुचायला जायची आणि ती बापडी दूध नसताना पडून राहायची. आबांनी त्यानंतर कुणाला, अगदी सख्ख्या भावाच्या जावयालाही, भिडेखातर पिल्लू दिलं नाही. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला गर्व झाला. ताईला पुढं एक मुलगा झाला, पण ती कधी माहेरी आली नाही. आबा गेले तेव्हा निरोप पाठवला, तेव्हाही नाही. आता भावोजी नाहीत, सासू नाही, अडवणारं कुणी नाही. ताई फोनवर तासभर बोलते. मी म्हणते, ताई, ये गो एकदा. ती म्हणते, बघू.

तिला आणायला आबा एकदा गेले होते, ते लिहायचं राहिलं. मामा तिला घेऊन गेला त्यानंतर आठवडाभरानं असेल. सकाळी उठून मला म्हणाले, चल. भावोजी पहिल्या शिफ्टला गेलेले, सासू बाजारात. ताई दारात आली, हाताला पीठ लागलेलं. आबा पायरीखाली उभे राहूनच म्हणाले, "सुमे, चल घरी. हायेस तशी चल."

ताईनं विचारलं, "काजळ जेवते का?"

"जेवते."

"टाके सुकले?"

"सुकले गो. चल तू. चुकलं माजं. लोकं काय बोलतील ते बोलतील, मी बगून घेतो."

ताईनं हाताचं पीठ पदराला पुसलं. मला वाटलं येते आता. ती एक पायरी उतरलीही. मग थांबली.

"मी किती वेळ उभी होते आबा," ती म्हणाली. "ती इथंच ऱ्हाईल, असं काजळसाठी बोललात ना, मला वाटलं आता माज्यासाठी बोलाल. चार माणसांत तुमी मला ठेवून घेतलं असतंत, तर मी माहेरी ऱ्हायले असते. आज आले तर मी पळून आले असंच होईल."

आबांनी तिच्यापुढं हात जोडले. ताईनं ते खाली केले, म्हणाली, "शिफ्ट सुटेल. निघा तुमी," आणि दार लावून घेतलं.